वडगावचा तह : कबुली नेमकी कोणाची?

साल १७७९, जानेवारीचा मध्य. तुम्ही मावळात, वडगावच्या शिवारात उभे आहात. थंडी बोचते आहे आणि जळक्या चाऱ्याचा वास नाकातून जात नाही. इंग्रजांच्या बैलांना काडीही मिळू नये म्हणून आपल्याच लोकांनी गंजी पेटवून दिल्या. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना पुण्याची सत्ता मिळवून द्यायला मुंबईहून चार हजारांच्या आसपास फौज घाट चढून आली. पुणं जेमतेम दहा कोसांवर असताना तिचा धीर सुटला. मोठ्या तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून ती रात्रीच मागे फिरली आणि इथे, वडगावात, कोंडली गेली.

आता त्यांचा फार्मर बोलणी करायला आला आहे. तुम्ही तंबूच्या कनातीला टेकून ऐका. तो सांगतो की तह करण्याची मुखत्यारी फौजेसोबतच्या आमच्या कमिटीला नाही, ती कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची. यावर मराठ्यांचा सवाल सरळ आहे. तीन वर्षांपूर्वी पुरंदरावर कर्नल अप्टनने कलकत्त्याच्याच वतीने तह केला होता. तो मोडून दादांना घेऊन घाट चढलात, तेव्हा ही मुखत्यारी कुठून आणली होती?

फार्मरजवळ याला उत्तर नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव या एका सवालात आहे.

मग कमिटीचा कार्नाक पूर्ण अधिकार देऊन होम्सला महादजी शिंद्यांकडे पाठवतो. कागदावर अधिकार पूर्ण. मनात मात्र कार्नाकने ठरवलेलं आहे की या अधिकाराला काही किंमत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. छावणीत ते कोणाला दिसणार? तरी शेजारचा कारकून कलम खाली ठेवून पुटपुटतो, “अहो, यांचा शब्द पुरंदरला पाहिला. माणसं ठेवून घ्या.”

तसंच होतं. साष्टीसह अलीकडे घेतलेला मुलूख परत, बंगालहून निघालेली गॉडर्डची फौज माघारी, भडोचचा वसूल शिंद्यांना, वर त्यांच्या माणसांना एक्केचाळीस हजार रुपये. दादा आधीच महादजींच्या हवाली झालेले. फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट ओलीस. बाकी फौजेला वाट मोकळी.

तिच्या मागोमाग घाट उतरा. गॉडर्डला परत फिरण्याचा हुकूम सुटला होता. खाली पोचताच कमिटी पहिलं काम करते ते तो हुकूम स्थगित करण्याचं. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी तह नाकारतो, कलकत्ताही नाकारतं, आणि फेब्रुवारीअखेर गॉडर्ड सुरतेत दाखल होतो. अधिकाराबाहेरचा करार वरच्यांना बांधत नाही, हा मुद्दा कायद्यात टिकेलही. पण त्या कराराच्या जोरावर सुटलेली फौज कोणी परत वडगावात आणून उभी केली नाही. फायदा ठेवायचा आणि सही नाकारायची, याला मी दगाच म्हणेन. ईस्ट इंडिया कंपनीने पुढे कार्नाकला आणि फौजेच्या दोघा कर्नलांना बडतर्फ केलं, पण फौज वाचवणारी ती सही रद्द ती रद्दच. उलट महादजींनी दोन्ही ओलीस पुढच्या वर्षी सोडून दिले.

कबुली टांगणीला ठेवण्याचा खेळ पुण्यानेही खेळला. तो पाहायला आता १७८२ च्या मे महिन्यात, ग्वाल्हेरजवळ सालबाईला चला. महादजींच्या मध्यस्थीने पुन्हा तह ठरला आहे. साष्टी इंग्रजांकडे राहणार, दादांची पाठराखण ते सोडणार. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज जूनमध्येच मान्यता देतो. पुण्यात नाना फडणीस मात्र घाई करत नाहीत. कर्नाटकात हैदरअली इंग्रजांशी लढतो आहे, तोवर हातातलं पान का टाकायचं? डिसेंबरात हैदर वारला. त्यानंतरच पुण्याची मंजुरी निघाली आणि १७८३ च्या फेब्रुवारीत कागदांची अदलाबदल झाली. मधल्या महिन्यांत पुण्याची कबुली कलकत्त्याच्या हाती नव्हती.