शस्त्रक्रियेआधीचे तास

मुलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सहसा शोधांच्या क्रमाने सांगतात. जठराच्या तोंडाशी आवळलेला स्नायू चिरण्याची रामस्टेट यांची रीत 1912 मधली. जन्मतः तुटलेली अन्ननलिका जोडण्यात कॅमेरून हेट यांना 1941 मध्ये यश आले, स्वेन्सन यांची आतड्याच्या हिर्शस्प्रुंग रोगावरची शस्त्रक्रिया 1948 मध्ये आली आणि बंद पित्तमार्गावरची कासाई यांची 1959 मध्ये. मुंबई या प्रवाहापासून फार लांब नव्हती. परळला मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय 1929 पासून आहे. देशातल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना 1965 मध्ये उभी राहिली, आणि याच शाखेतल्या डॉ. स्नेहलता देशमुख पुढे सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता व मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्याकडून पाहिले, तर मात्र या इतिहासात शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीचे तास महत्त्वाचे ठरतात.

वाडिया रुग्णालय उघडले तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 1948 मध्ये ते राज्य संपले. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये निघाले, अंबाजोगाईचे 1974 मध्ये, आणि बीड शहरात रेल्वे आली ती 2025 मध्ये. मधल्या काळात तान्ह्याचे फुगलेले पोट हा घरातल्या जाणत्या बाईचा विषय राहिला: ओवा, हिंगाचा लेप, घुटी. मेळघाटात तर पोटावर तापल्या विळ्याचे डागही दिले गेले. याला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बहुतेक बाळांची पोटफुगी आपोआप उतरते आणि श्रेय उपायाला मिळते. आतड्याचा एकेक जन्मजात दोष काही हजार जन्मांमागे एखाद्या बाळात असतो. एवढ्या विरळ अपयशाने उपायावरचा विश्वास ढळत नाही. आणि दोष असलेले ते एक बाळ बाकीच्या बाळांच्या गर्दीत हरवते.

यावर कोणी म्हणेल, इतक्या विरळ आजारासाठी तालुक्याला बालशल्यचिकित्सक कसा परवडणार? परवडणार नाही, आणि नेमूही नये. वर्षाकाठी मोजकीच बाळे आली तर शल्यचिकित्सकाचा हात तयार राहत नाही. शिवाय तान्ह्याला भूल देणारे डॉक्टर आणि नवजात अतिदक्षता विभाग सोबत लागतोच. ही सेवा मोठ्या केंद्रातच असावी. पण सेवा जितकी दूर, तितकी गावातली नजर तीक्ष्ण हवी. शीची जागा आहे ना, पहिल्या दिवसभरात काळी शी झाली ना, उलटी हिरवी तर नाही ना, कावीळ लांबलेल्या बाळाची शी पांढुरकी तर नाही ना, हे पाहायला यंत्र लागत नाही. हिरवी उलटी आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकते, आणि पीळ पडलेले आतडे काही तासांत मरते. कासाईंची शस्त्रक्रियाही बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाली तरच तिचा गुण चांगला येतो.

दुसरा आक्षेप असा की हे सारे आता सरकारी योजनांनी सोडवले आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली मोफत उपचारांची जीवनदायी योजना 2013 मध्ये राज्यभर झाली, 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले; 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून धावते. कर्जाच्या धास्तीने बाळाला घरीच ठेवणाऱ्या कुटुंबाला याचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. पण योजनेचे काम रुग्णालयात पोचल्यावर सुरू होते, आणि 108 ला फोन करायचा तर आधी धोका ओळखावा लागतो. तो ओळखण्यासाठी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ 30 आजारांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयदोष आहे. आतड्याचा जन्मजात दोष मात्र नाही. त्यात बीडची कोयता घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. तिथे कोपीत जन्मलेल्या बाळापर्यंत गावच्या आशाताईची वही पोचत नाही. म्हणून या सेवेची प्रगती किती शस्त्रक्रिया झाल्या यावर मोजणे अपुरे आहे. बाळ जन्मानंतर कितव्या तासाला योग्य टेबलावर पोचले, याची नोंद जिल्ह्याने ठेवली, तर वडवणीच्या वाट्याला काय आले ते कळेल.