जानकीचा सूड

नाशिक रोडच्या स्थानकावरून देवळाली कॅम्पच्या दिशेने निघाले की वालदेवी नदीकाठी विहितगाव लागते. बाबूराव बागूल यांचा जन्म या गावचा. तारीख १७ जुलै १९३०. त्याच वर्षीच्या २ मार्चला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झालेला होता. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाविषयी बोलताना हा काळ आठवणे स्वाभाविकच आहे. आम्हांला मात्र पंचवटीची ही जवळीक त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकासंदर्भात अधिक अर्थपूर्ण वाटते. ते पुस्तक म्हणजे १९७० साली आलेली 'सूड' ही लघुकादंबरी.

'सूड'ची नायिका जानकी ही वेश्येची मुलगी आहे. आईच्या वाट्याला आलेले जिणे तिने पाहिले आहे आणि तेच आपल्यालाही गिळणार हे तिला कळून चुकले आहे. पुरुषजातीविषयीचा तिचा द्वेष हळूहळू तिच्या स्वतःच्या देहाकडे वळतो. ज्या स्त्रीदेहामुळे आपण विकाऊ ठरतो तो देहच नको, स्त्रीपणच नको, अशा टोकाला ती पोहोचते. शीर्षक वाचून ज्याने सुरा, रक्त आणि अखेरीस पकडला जाणारा गुन्हेगार यांची अपेक्षा केली असेल त्या वाचकाची येथे पंचाईत होते. गुन्हा पानोपानी आहे, परंतु अमुक एक गुन्हेगार म्हणून बोट दाखवावे असा माणूस हाती लागत नाही.

मराठीत गुन्ह्याच्या कथेची परंपरा काही लहान नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. (त्या वाचनाची कबुली द्यायला मराठीचे प्राध्यापक अजूनही संकोचतात, हा भाग वेगळा.) या कथांचा एक अलिखित करार असतो. जग मुळात नीट आहे, कुणीतरी त्याची घडी विस्कटली आहे, आणि तो कुणीतरी सापडला की घडी पूर्ववत बसते. वेश्येच्या आयुष्याला हा करार लागू पडत नाही, कारण तिच्या बाबतीत विस्कटण्याआधीची घडी कुठली, हे सांगता येत नाही. १९३९ सालच्या प्रभातच्या 'माणूस' या चित्रपटाला ही अडचण जाणवली होती, असे आम्हांला वाटते. तेथे मैनेच्या हातून तिच्या मामाचा खून होतो, शिपाई असलेला तिचा प्रियकर हतबल ठरतो आणि ती शिक्षा पत्करते. सहानुभूती सगळी मैनेच्या बाजूने, निकाल मात्र कायद्याच्या बाजूने.

हा कायदा तरी कसा होता? इंग्रजी अमदानीत लष्करी छावण्यांतील शिपायांच्या आरोग्याच्या काळजीपोटी १८६४ च्या छावणी कायद्यान्वये वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने तीच व्यवस्था नागरी वस्त्यांपर्यंत नेली. १८८८ मध्ये तो रद्द झाला. तपासणी बाईची होई, शिपायाची नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आला. त्याचा रोख कुंटणखाना चालवणाऱ्यांवर होता खरा, तरी सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हा बाईचा अपराध त्याच कायद्याच्या आठव्या कलमाने ठरवला, आणि १९८६ च्या दुरुस्तीनंतरही ते कलम राहिले. म्हणजे वेश्येवरच्या अन्यायाची चौकशी सुरू केली, की पहिली आरोपी म्हणून तीच उभी राहते. येथे अर्नाळकरांचा झुंजार काय करणार?

या पार्श्वभूमीवर जानकी हे नाव पुन्हा वाचावे. नाशिक हे नावच लोकपरंपरा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडते. सीतेचे हरण पंचवटीतले. सीतागुंफा आजही भाविकांना दाखवली जाते. एका स्त्रीने इच्छा व्यक्त केली म्हणून तिचा देह विद्रूप केला गेला आणि त्याचा सूड म्हणून दुसऱ्या स्त्रीचा देह पळवला गेला. सूड घेणारे दोन्हीकडे पुरुष, आणि सूड ज्यावर घ्यायचा ते माध्यम दोन्हीकडे स्त्रीदेह. त्या परिसरात जन्मलेल्या लेखकाने वेश्येच्या मुलीला जानकी म्हणावे आणि सूडाचा अधिकार तिलाच द्यावा, ही गोष्ट आम्हांला साधी वाटत नाही. लेखकाचा हेतू काय होता, याविषयी आमचा दावा नाही. नाव मात्र संहितेत आहे, आणि ते वाचणे हे आपले काम आहे.

तरीही कादंबरीबद्दलची एक अस्वस्थता येथे नोंदवली पाहिजे. जानकी एकटी आहे. बागुलांच्या 'वाटेवरची' या कथेतली, मुलाच्या आजारपणाची तार आल्यावर गावी जाण्यापुरत्या पैशांसाठी गिऱ्हाईक शोधणारी गिरिजाही एकटीच. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढलेल्या आणि मार्क्स व आंबेडकर दोन्ही पचवलेल्या या लेखकाला संघटनेचे मोल कुणी सांगायला नको होते. मग या बायांना एकमेकींची सोबत का मिळत नाही? स्त्रीपणाचा त्याग हीच मुक्ती मानली, की इतर स्त्रियांशी असलेले नातेही त्याबरोबर तुटते. 'सूड'चे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत, असे आमचे मत आहे.

इतिहासात मात्र सोबतीच्या खुणा सापडतात. पुण्याहून शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' हे पत्र चालवीत आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उभी करीत. १९०९ मध्ये शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने त्यात पत्र लिहून आपली व्यथा मांडली. दयेचा विषय असलेली बाई येथे लेखिका झाली. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केले आणि कामाठीपुऱ्यातील बायांना ते जिणे सोडून समाजात सन्मानाने येण्याचे कठोर आवाहन केले. अलीकडच्या स्त्रीवादी अभ्यासकांत या भाषणावर मतभेद आहेत. आवाहनातील मुक्तीचा आशय काहींना महत्त्वाचा वाटतो. तर जिणे सोडले तरच सन्मान, या अटीपाशी काही जणी थबकतात. बागुलांची जानकी याच अटीची शोकांतिका जगते, असे म्हणता येईल. जिणे सोडायला ती तयार आहे. देह सुटत नाही.

'सूड'नंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि कामाठीपुऱ्याची भाषाच मराठी कवितेत शिरली. त्या स्फोटाच्या आवाजात बागुलांची ही छोटी कादंबरी काहीशी झाकली गेली. अभ्यासक्रमांत बागूल येतात ते प्रामुख्याने कथाकार म्हणून. 'सूड' वाट्याला येते ती ग्रंथनामावलीतल्या एका ओळीपुरती. १९९६ मध्ये सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली. 'वेश्या' हा शब्द तेथल्या बायांनी संघटनेच्या नावातच ठेवला, आणि पोलिसी छळापासून औषधोपचारापर्यंतच्या प्रश्नांवर त्या एकत्र येऊन बोलू लागल्या. बागूल तेव्हा हयात होते. २००७ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना मिळाला. २६ मार्च २००८ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. परिषदेतल्या एखाद्या बाईने 'सूड' वाचून जानकीशी भांडण मांडले असते, तर ते आम्हांला ऐकायला आवडले असते.