भजनी मंडळ : हौशी गायक-वादकांची परंपरा

सोलापूर-धुळे महामार्गावरील मांजरसुंबा (जि. बीड) गावाजवळ श्रीक्षेत्र कपिलधार हे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून पायी दिंड्या येतात. त्यांचा कणा म्हणजे गावोगावची भजनी मंडळे.

या मंडळांत मानधन नसते, प्रवेशपरीक्षाही नसते. दिवसा शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळणारी प्रौढ मंडळी रात्री देवळात जमतात. पेटी आणि पखवाज यांना रियाज लागतो. टाळकरी मात्र साथ करता करता घडतो. एकाने चाल धरायची, इतरांनी धृपद उचलायचे, ही पद्धत. स्वरलिपी नसल्याने चाली कानांवाटे पुढच्या पिढीकडे जातात. वाद्ये बहुधा लोकवर्गणीतून येतात. वारकरी सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी ती पाळीपाळीने गळ्यात घेतात.

मात्र दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो मजूर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कार्तिकी यात्रा नेमकी याच काळात येते. मंडळातला एकुलता पखवाजी स्थलांतरित झाला, तर भजनाचा ठेकाच हरपतो. त्यामुळे गाव भरलेले असते त्या श्रावणातच ज्येष्ठांकडून चाली आणि ठेके शिकून घेणाऱ्या तरुणांवर या परंपरेचे भवितव्य अवलंबून आहे.