जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

आंदोलनात किंवा गावातल्या वादात एखाद्या तरुणाला अटक झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "जामीन कधी होणार?" जामीन मंजूर झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. नांदेड-लातूरच्या भूमिहीन कुटुंबांना तोच जास्त छळतो: सातबारा असलेला जामीनदार आणायचा कुठून? जामिनाची रक्कम आणि जामीनदार याबद्दल संविधान व कायदा काय सांगतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

संविधानातील आधार

अमेरिकेच्या संविधानातील आठव्या दुरुस्तीत अवाजवी जामीन मागू नये, असे थेट लिहिले आहे. आपल्या संविधानात तसे वाक्य नाही. आपल्याकडे हा हक्क कलम २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून येतो. कलम २२ नुसार अटकेचे कारण सांगणे, वकिलाशी सल्लामसलत करू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. कलम ३९-अ मोफत कायदेविषयक मदतीबद्दल आहे.

कलम २२ मागचा इतिहास आपण विसरू नये. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात पुरेसे संरक्षण उरले नाही, म्हणून संविधान सभेत नाराजी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी नवे कलम १५-अ मांडले आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ते आणल्याचे सांगितले. तेच आजचे कलम २२.

रक्कम ऐपतीप्रमाणे हवी

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ४८४ नुसार जातमुचलक्याची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी लागते आणि ती अवाजवी असता कामा नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही (कलम ४४०) हेच होते.

१९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल इथे पायाभूत आहे. मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर खालच्या न्यायालयाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी या वागणुकीवर कडक टीका केली आणि १ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका करण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी न्यायालयाने हीच दिशा पक्की केली.

देगलूर-बिलोलीच्या माणसाचे नातेवाईक तेलंगणात असतात, उदगीर-निलंग्याच्या माणसाचे कर्नाटकात. कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठणारे तर घरोघरी आहेत. त्यामुळे 'स्थानिकच जामीनदार हवा' ही अट आपल्या लोकांना तुरुंगातच ठेवते. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ही अट सुटकेला उशीर होण्याचे एक कारण असल्याचे नमूद केले आणि अशा प्रकरणांत ती घालू नये, असे सुचवले.

एकाच माणसावर अनेक गुन्हे नोंदवले गेले तर? २२ ऑगस्ट २०२४ च्या गिरीश गांधी प्रकरणात न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तेच जामीनदार सर्व गुन्ह्यांसाठी चालतील, असा मार्ग काढला. न झेपणारा जामीन म्हणजे जामीन नाकारणेच, हा त्या निकालाचा आशय आहे.

लक्षात ठेवायच्या तरतुदी

१. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर आरोपी निर्धन असल्याचे धरून जातमुचलक्यावर सोडावे लागते (कलम ४७८).

२. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). मात्र दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केला नाही तर तो हातचा जातो.

३. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आणि इतरांनी निम्मा काळ तुरुंगात काढला असेल तर सुटकेची तरतूद आहे (कलम ४७९). फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरीही अडचण येते. आंदोलक तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

४. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. महिनाभर पूर्तता झाली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. हे दोन्ही निर्देश वरील २०२३ च्या आदेशातले आहेत.

५. केंद्राच्या गरीब कैदी सहाय्य योजनेच्या २०२३ च्या सूचनांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. यूएपीएसारखे काही कायदे यातून वगळले आहेत.

६. अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि कोठडीतील कोणीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतील बौद्धांनाही ही ओळख मिळाली आहे. नांदेड व लातूर जिल्हा न्यायालयांतील प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मदत क्रमांक १५१०० आहे.

कोठडीतला प्रत्येक दिवस जोखमीचा

१० डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश यायला ४ जुलै २०२५ उजाडले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला कायम ठेवला. अटकेनंतरचे पहिले काही दिवस किती मोलाचे असतात, हे यावरून कळावे.

आणि आपण फिर्यादी असतो तेव्हा?

१ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या बौद्ध तरुणाचा खून झाला. अशा प्रकरणात आरोपीच्या जामिनाचे नाव काढले तरी संताप येतो. पण जामिनाचा हक्क माणूस पाहून बदलत नाही. आपल्या हातात वेगळे शस्त्र आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नुसार पीडिताला जामीन अर्जाची नोटीस मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. कलम १८ अटकपूर्व जामिनाला आडवे येते, तर जामिनाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते. नोटीस आली का, हे पहिल्या दिवसापासून विचारा. गावबंदी आणि साक्षीदारांना न भेटण्याच्या अटी मागा.

विहारांनी करण्यासारखे काम

समाजात आज शिक्षक, कर्मचारी, शेतकरी असे जामीन राहू शकणारे लोक आहेत. प्रत्येक बुद्धविहार समितीने अशा स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांची यादी, त्यांची कागदपत्रे आणि दोन वकिलांचे क्रमांक तयार ठेवावेत. जामीनदाराने आधी कितीजणांना जामीन राहिलो, हे न्यायालयाला खरे सांगायचे असते. म्हणून भार मोजक्या माणसांवर टाकू नये, आणि पैसे घेऊन खोटे जामीनदार देणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नये. जयंतीची वर्गणी आपण वेळेत गोळा करतो. ही यादीही तितक्याच तत्परतेने झाली तर बाबासाहेबांनी कलम २२ मधून दिलेले संरक्षण भूमिहीनाच्या दारापर्यंत पोहोचेल.

जय भीम!