दोन किल्ल्या आणि तीन सरकारी नोकर

गुप्त निरोप पाठवण्यात पूर्वापार एक अडचण होती. ज्या किल्लीने निरोप बंद करायचा, तीच किल्ली पलीकडच्या माणसाला आधी पोहोचवावी लागे. ती वाटेत शत्रूच्या हाती पडली की सगळे मुसळ केरात!

ब्रिटनमध्ये चेल्टनहॅम येथे जीसीएचक्यू हे संदेशांचे सरकारी गुप्तचर खाते आहे. तेथील जेम्स एलिस यांनी १९७० मध्ये वेगळाच विचार मांडला. निरोप घेणाऱ्यानेच किल्ल्यांची जोडी तयार करावी. बंद करायची किल्ली जगजाहीर करावी, उघडायची स्वतःजवळ ठेवावी. कल्पना पटली, पण तिला बसणारे गणित सापडेना.

ते १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स या नव्याने रुजू झालेल्या तरुण गणितज्ञाने एका संध्याकाळी सोडवले. खात्याचे काम घरी कागदावर उतरवायला मनाई, म्हणून सगळे मनातल्या मनात! त्याचे मर्म सोपे आहे. ६१ गुणिले ५३ म्हणजे ३२३३, हे शाळकरी मूलही सांगेल. पण नुसते ३२३३ देऊन 'कोणत्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार?' असे विचारले तर शोधत बसावे लागते. संख्या शेकडो अंकी असतील तर संगणकही हात टेकतात. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी माल्कम विल्यमसन यांनी किल्ली ठरवण्याची आणखी एक रीत शोधली. सारे कागद गोपनीय फायलीत गेले.

इकडे अमेरिकेत १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी गणित दिले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत 'आरएसए' म्हणून जगभर गाजली, १९८३ मध्ये पेटंटही मिळाले. चेल्टनहॅमचे तिघे मात्र गोपनीयतेच्या नियमाने बांधलेले होते. डिसेंबर १९९७ मध्ये ब्रिटनने ही माहिती खुली केली. त्याच्या काही आठवडे आधी, २५ नोव्हेंबरला, एलिस हे जग सोडून गेले होते.

आज जावा किंवा पायथनमध्ये दोन-चार ओळी लिहिल्या की क्षणात अशी जोडी तयार होते. २०४८ बिटांच्या किल्लीतली संख्या सहाशेहून अधिक अंकांची असते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. तिथे क्रम उलटा: सही खाजगी किल्लीने होते, पडताळणी सार्वजनिक किल्लीने. म्हणूनच ई-टेंडरसाठी वापरायचे टोकन पिनसकट दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

आम्हा सरकारी नोकरांचे पुष्कळसे काम फायलीतच राहते, त्यावर नाव येत नाही. यापुढे ते टोकन हातात घेताना अमेरिकेच्या त्या पाच नावांबरोबर एलिस, कॉक्स आणि विल्यमसन ही तीन नावेही आठवावीत. इतके श्रेय त्यांचे देणे लागतो.