नाक्यावरचे तीन पैसे

आपल्या कात्रजला सातारा रस्त्यावर जकात नाका होता, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेलं आहे. घाट उतरून मालाचे ट्रक यायचे आणि जकात भरून पावती घेतल्याशिवाय त्यांना शहरात सोडत नसत. शहरात विकायला किंवा वापरायला येणाऱ्या मालावर महापालिका घ्यायची ती जकात. १ एप्रिल २०१३ला पुण्यातली जकात बंद झाली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही दोन-अडीच वर्षांत बहुतेक दुकानदारांपुरता उठला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. हे जुनं पुराण आज काढायचं कारण म्हणजे वाचनालय.

आमच्या गटांमध्ये अलीकडे कर्जाच्या अर्जावर एक नवं कारण दिसतं, ‘मुलीची अभ्यासिका’. पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा यांची तयारी करणाऱ्या मुलींना घरात बसायला कोपरा नसतो. खासगी अभ्यासिकेत खुर्ची मिळते, पण तिचे महिन्याला हजाराच्या आसपास पैसे पडतात. शिलाई मशीनसाठी काढायचं कर्ज खुर्चीसाठी काढावं लागतं. सार्वजनिक वाचनालयाचा पैसा येतो कुठून आणि तो कमी का पडतो, हे मी त्यामुळे शोधायला लागले.

सुरुवात वर्गणीपासून झाली. पुण्यात १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी वर्गणी काढली, संस्थानिकांनी आणि श्रीमंतांनी देणग्या दिल्या. काम मोठंच होतं, पण ज्याची वर्गणी त्याचं पुस्तक असा तो मामला होता आणि बाईच्या नावानं वर्गणी भरणारं घर त्या काळी विरळा. त्याच १८५० साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की गावाची तयारी असेल तर मालमत्तेच्या कराबरोबर पौंडामागे अर्धा पेनी वाचनालयासाठी घ्यावा. वर्गणीतून वाचनालय सभासदांचं होतं, करातून ते गावाचं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट ओळखली ती सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून ते बडोद्याच्या गादीवर गेले होते. १९१०मध्ये त्यांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. गावोगावच्या वाचनालयांसाठी त्यांनी तिसऱ्या वाट्याची पद्धत घातली. गावानं जेवढे जमवायचे, तेवढेच पंचायतीनं घालायचे आणि तेवढेच सरकारनं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. गटाच्या बाईला हा हिशेब समजावून सांगायलाच नको.

वाचनालयाचा देशातला पहिला कायदा मराठी मुलखातलाच, कोल्हापूर संस्थानाचा, १९४५चा. मद्रासनं १९४८मध्ये कायदा केला, त्यामागे रंगनाथन होते आणि त्यात घरपट्टीवर वाचनालयाचा वेगळा कर होता. आता आपल्या नाक्याकडे या. कात्रजवरून जाणारा रस्ता सातारा, कोल्हापूर, निपाणी करत बेळगावला पोचतो. १९६५ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं, म्हणजे आजच्या कर्नाटकानं, ग्रंथालय कायदा केला आणि घरपट्टी, जकात, वाहन कर, व्यवसाय कर या सगळ्यांवर रुपयामागे तीन पैसे पुस्तकांसाठी ठेवले. म्हणजे त्याच रस्त्यानं ट्रक बेळगावच्या हद्दीत शिरला, की त्याच्या जकातीबरोबर वाचनालयाचे तीन पैसे लागणार. इकडे कात्रजच्या नाक्यावर तो कितीही जकात भरो, पुस्तकांच्या नावाचा पैसा त्यात नव्हता.

आपला कायदा १९६७चा, अंमल १ मे १९६८ पासून. शेजारच्यांची उदाहरणं समोर होती, तरी त्यात कर घातला गेला नाही. सरकारनं दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, एवढी तरतूद झाली. वाचनालयं चालवायची लोकांच्या संस्थांनी आणि सरकारनं त्यांना वर्ग पाहून अनुदान द्यायचं, अ, ब, क, ड. या पद्धतीचं भलंही आहे. खेड्यापाड्यांत हजारो वाचनालयं उभी राहिली ती याच अनुदानावर. पण अनुदान वाढवायचं की नाही, हे दर वेळी सरकारच्या मनावर. २०२२मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा आधीच्या वाढीला दहा वर्षं होऊन गेली होती. दहा वर्षांत पुस्तकांच्या किमती, वीजबिल, ग्रंथपालाच्या घरचा किराणा थांबला होता का?

गटाची बचत आपण पगार हातात आल्याबरोबर बाजूला काढतो. महिनाअखेर उरलं तर टाकू, असं म्हणणाऱ्या गटाचं पासबुक कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. कर म्हणजे आधी काढलेली बचत, अनुदान म्हणजे उरलं तर.

महाराष्ट्राला असं आधी बाजूला काढायला जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. १९७५चा व्यवसाय कर रोजगार हमीसाठीच लावला होता. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांची मजुरी शहरातल्या पगारदारांच्या करातून निघाली, हे आपल्या राज्यानं करून दाखवलेलं आहे. पुस्तकांची पाळी काही आली नाही.

गोव्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं, पोर्तुगिजांच्या काळातलं. गोव्यानं १९९३मध्ये ग्रंथालय कायदा केला आणि कर लावला विदेशी मद्य आणि बिअरवर, लिटरमागे ५० पैसे! बाटली आडवी करायला रांगा लावून मतदान करणाऱ्या बायकांना हे ऐकून हसावं की रडावं कळायचं नाही. आमच्या एका बैठकीत यावर चांगलीच जुंपली. एक ताई म्हणाल्या, दारूच्या पैशाचं पुस्तक मी घरात घेणार नाही. दुसरी म्हणाली, नवऱ्याच्या बाटलीतून पोरीच्या पुस्तकाचे पन्नास पैसे निघत असतील तर निघू देत, नाहीतर ते कुठे मला मिळणार आहेत. मला दुसरीचं पटतं. मीठ, तेल, साबण यांवर कर लावला तर तो बंगल्यातल्या बाईला आणि पत्र्याच्या खोलीतल्या बाईला सारखाच पडतो. शिवाय जीएसटी आल्यावर शहराला विक्रीवर स्वतःचा कर लावायची सोय उरलेली नाही. प्यायची दारू मात्र जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे गोव्याची वाट राज्याला आजही मोकळी आहे.

वेगळा कर लावला म्हणजे झालं, असंही नाही. कर्नाटकात जकात गेली तशी तिच्यावरची तीन पैशांची पट्टीही गेली. बंगळुरूत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा पैसा वसूल होत राहिला, पण महापालिकेकडून तो ग्रंथालयांना वेळेवर पोचला नाही; थकबाकी शेकडो कोटींची असल्याच्या बातम्या आल्या. आपल्या गटातही पैसे एकीच्या डब्यात आणि वही दुसरीकडे असली की भांडण ठरलेलं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सोनोमा नावाचा जिल्हा आहे. तिथे २०१६मध्ये वाचनालयांसाठी विक्रीकर लावायचा की नाही, हे लोकांना मतपेटीतून विचारलं. डॉलरच्या खरेदीवर सेंटचा आठवा भाग, तोही दहाच वर्षांसाठी. लोकांनी हो म्हटलं. मुदत आणि कारण दोन्ही आधी सांगितलं, तर माणसं कर द्यायला तयार होतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं मिळकतकराचं बिल घेऊन या. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाकडून मागून आणा, बघायला काही पैसे पडत नाहीत. शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशामक कर, एकेक ओळ मोठ्यानं वाचू आणि आपल्या प्रभागातल्या वाचनालयाच्या नावानं त्या बिलात एखादा रुपया मागायचा तर अर्ज महापालिकेकडे करायचा की आमदारांकडे, तेही तिथेच ठरवू.