आपले पान आपण मांडावे : वैयक्तिक मराठी संकेतस्थळांचा छोटा इतिहास

१/ रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' यांत भेद उरत नाही. त्यामुळे इंग्रजी नकाशावरून नाव उतरवणारा नागपूर–इटारसी लोहमार्गावरील कळमेश्वरला सहज 'कलमेश्वर' करून टाकतो. या गावाच्या इतिहासाचे छोटे संकेतस्थळ उभारताना माझी पहिली अडचण हीच होती. तिच्या मागे जाता जाता मराठी संकेतस्थळांचाच इतिहास हाती लागला. तो या धाग्यात.

२/ संपादकाच्या होकाराची वाट न पाहता स्वतः प्रकाशित करण्याची धडपड संगणकाहून जुनी आहे. १९५०च्या दशकात 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघाले. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो' आले. १९६९ साली तर बंडखोर तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. साधन स्वस्त झाले, की काय छापावे हे ठरवण्याची मक्तेदारीही सैल होते.

३/ भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९६ साली 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. त्याच सुमारास 'जिओसिटीज'सारख्या सेवा कोणालाही फुकट जागा देत होत्या. जागा मिळाली, परंतु तिच्यावर मराठी लिहायचे कसे?

४/ तोडगा निघाला तो फॉन्टचा. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसेल, तर लेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. शोध घेणेही अशक्यप्राय होते.

५/ वस्तुतः प्रमाण संकेत तयार होते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत १९८८ साली आखला गेला. त्याच्याच आधारे १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले, आणि तेथे 'ळ'ला स्वतःचा क्रमांक आहे. मात्र विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती 'विंडोज २०००'बरोबर. मधल्या दशकातील मराठी लेखन फॉन्टांच्या भरवशावरच राहिले.

६/ पुढची वाटचाल वेगवान आहे. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. 'ब्लॉगर' १९९९ पासून होतेच, 'वर्डप्रेस' २००३ साली आले. आता संगणकाची भाषा न शिकताही स्वतःचे पान मांडता येऊ लागले.

७/ तरीही एक काटा उरला. डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या', हे दोन वेगळे शब्द. त्यांतील पहिल्याचा चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षरातून, एकदा साध्या 'र'ला जोडलेल्या अदृश्य चिन्हातून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मात्र यंत्राने त्यांना एकरूप मानले नाही, तर एक प्रकार शोधताना दुसरा निसटतो. जुन्या मराठी ब्लॉगांत शोध घेताना दोन्ही प्रकार तपासावेत.

८/ २००९च्या ऑक्टोबरात 'याहू'ने 'जिओसिटीज' बंद केले. काही स्वयंसेवकांनी आणि 'इंटरनेट अर्काइव्ह'ने जमेल तेवढी पाने वाचवली. बाकीची गेली. फुकट मिळालेली जागा ही भाड्याची जागा असते आणि मालक बदलला की भाडेकरूचे सामान रस्त्यावर येते, हा त्यातील धडा.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. मोडीचे कागद घराघरांतील रुमालांत राहिले आणि त्यांचे वाचन करणारेही टिकले, म्हणून आज त्यांचा उपयोग होतो. कागद उरला पण लिपी विसरली, किंवा लिपी येते पण कागद नाही. दोन्ही अवस्थांत हाती शून्यच. जुन्या फॉन्टमधील पाने पहिल्या संकटात सापडली, जिओसिटीजवरील पाने दुसऱ्या.

१०/ म्हणून माझ्या पानाची रचना मुद्दाम साधी ठेवली आहे. मोजक्या एचटीएमएल फाइली, यूटीएफ-८ संकेत, 'भाषा मराठी' अशी स्पष्ट नोंद, डेटाबेस नाही. 'कळमेश्वर' आणि 'कलमेश्वर' ही दोन्ही रूपे नोंदवली आहेत, म्हणजे कोणत्याही नावाने शोधणारा येथे पोहोचेल. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक वेबॅक मशीनवर.

११/ आशयाचे काय? १९०८ साली रसेल यांनी संपादित केलेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर उपलब्ध आहे, परंतु ती प्रशासनाने आपल्या सोयीसाठी केलेली नोंद आहे. आजीने सांगितलेले विहिरीचे नाव, आठवडी बाजारातील जुन्या बोलीचे शब्द त्यात कोठून येणार? ते आपणच लिहायचे. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, स्थळ आणि माहिती कोणी दिली हे नोंदवायचे. सांगणाऱ्याची संमती घेऊन.

१२/ हा धागाही भाड्याच्याच जागेत आहे, म्हणून त्याची प्रत माझ्या पानावर ठेवत आहे. आपल्या गावाचे एक पान आपणही मांडा. सुरुवात गावाच्या नावापासून करा. ते गावकरी उच्चारतात तसेच लिहा.